हिंगाष्टक आणि राहिलेले जेवण

पणजोबा पुंजाजींनी खलबत्ता मांडला, आजोबा मोतीरामांनी त्याला पंचक्रोशीत नाव मिळवून दिले, वडील ज्ञानेश्वरांनी ते राखले. आणि त्यांच्यामागे धाड गावातल्या त्या औषधी दुकानात प्रज्वल एकटा उरला. गावाची पोटे ताळ्यावर आणणारा हा तरुण वैद्य स्वतः मात्र दुपारची भाकरी खलाशेजारी उभ्यानेच उरकत असे. समोर कोणी बसलेले नसले, की अन्न गिळता येते. जेवता येत नाही.

श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी पावसाची सर चुकवायला समता त्याची पायरी चढली — शाळेत नव्याने आलेली शिक्षिका.

"थांबलीच आहे, तं पोटासाठी काही द्या."

त्याने हिंगाष्टकाची पुडी बांधली. "पहिल्या घासाले, तुपासंग घ्या."

मग ती दर बाजारी येऊ लागली. पुड्या लहान होत गेल्या, गप्पा लांबत गेल्या... दिवाळी उलटली. एके दिवशी ती आली, ती मिरचीभज्यांचा कागद हातात घेऊनच.

"कसं आहे पोट?"

"दुखूनच राह्यलं," भजे चावत ती म्हणाली. "गुण काऊन येत नाही हो, वैद्यबुवा?"

प्रज्वल हसला. त्याने पुडी बांधून पुढे केली. पुडी दिली, तर ती पुन्हा येणार होती. न दिली, तर...? निरोग्याला औषध देण्याचे पाप त्या घरात कोणी केले नव्हते. तो मात्र कितीतरी बाजारांपासून तेच करीत आला होता. त्याने पुढे केलेली पुडी मागे घेतली.

"मॅडम, तुम्ही कवाच्याच बऱ्या झाल्या. आता... याचं काही काम नाही."

दुकान एकाएकी फार रिकामे वाटू लागले.

"एवढं सांगाले दिवाळी उलटली तुमची!" समता म्हणाली. "आता माह्यं ऐका. माह्या आजीले, मनकर्णाबाईले, तुमच्या आजोबानं मरता मरता वाचवलं. पैसा घेतला नाही. म्हणले, बरी झाली की आमच्या घरच्या माणसाले एकडाव पोटभर जेवू घाल. तिचं ते राहूनच गेलं. उद्या या घरी."

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई समोर बसल्या आणि समता वाढू लागली — ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरली वांगी, भातावर तूप. शेवटच्या भाकरीला प्रज्वलने हात आडवा धरला.

"एवढी राहू द्या. काही बाकी असलं, तं... पुन्हा याले निमित्त राहते."

"जमणार नाही." तिने भाकरी ताटात ठेवलीच. "बाकीपायी येणारा माणूस मले नको. उद्या याल, तं आपल्या मनानं या."

तिच्याकडे पाहत त्याने ती भाकरी सावकाश संपवली.

"उद्या... सांजच्याले येतो," तो म्हणाला.

मनकर्णाबाईंनी त्याच्या हातावर पाणी घातले. "फिटलं बाप्पा," त्या म्हणाल्या, "मोतीरामबुवाचं सारं फिटलं."