वेदनाबांध

नागपूरच्या रुग्णालयात उपशामक वैद्यकाच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचं दुखणं हलकं करण्याच्या विषयाच्या, पहिल्या तासाला डॉ. शर्वाणी खोब्रागडे विद्यार्थ्यांना वर्गात बसवत नसत. त्यांना थेट रुग्णाच्या खाटेशी नेत.

खाटेवर दामोदर पिंपळखुटे होते. उभी हयात त्यांनी कामठीच्या मैदानांवर फुटबॉलचे पंच म्हणून काढली होती.

"कर्करोग हाडांत उतरलाय," त्यांनीच सांगितलं. "बरा होणार नाही. विचारा काय ते."

उशाशी पडद्यावर वेदनांक दिसत होता: दहापैकी शून्य. ही किमया वेदनाबांधाची होती. तांदळाच्या दाण्याएवढी ती चकती डॉ. खोब्रागडेंनीच तयार केली होती.

"दुखण्याची वर्दी मेंदूत पोचते," त्या म्हणाल्या. "पुढे एका जागी तिचं 'सोसवत नाही' असं रूपांतर होतं. बांध तिथे बसतो. दुखतंय हे कळतं, पण त्याचा जाच होत नाही. गुंगीही येत नाही."

निहाल तडवी या विद्यार्थ्याने विचारलं, "काका, तुम्हांला काय हवंसं वाटतं?"

दामोदरांनी खरोखर विचार केला. "काहीच नाही."

बाकीचे खूश झाले. निहालला मात्र ते उत्तर खटकलं.

दुपारी वॉर्डातला फोन वाजला, तो त्यानेच घेतला. चंद्रपूरहून दामोदरांची मुलगी सुनयना बोलत होती.

"बाबा रागावलेत का माझ्यावर? दर रविवारी भांडायला फोन करायचे. ते मशीन बसवल्यापासून एकदाही नाही."

"भांडायला?"

"शाळेच्या फायनलला त्यांनी माझ्याविरुद्ध पेनल्टी दिली होती. तेव्हापासून चाललंय."

निहाल खाटेशी गेला. "काका, मुलीची आठवण येत नाही?"

"येते ना." दामोदर छताकडे पाहत राहिले. "पण तिचंही या हाडांसारखंच झालंय. आहे, पण बोचत नाही."

निहालने हे डॉ. खोब्रागडेंना सांगितलं.

"मोडलेलं हाड आणि दूर असलेलं माणूस," त्या म्हणाल्या, "दोन्ही दुःखं मेंदूत त्याच वाटेने असह्य होतात. हे मला ठाऊक होतं. पण मी शून्याकडेच पाहत राहिले."

"मग बांध उघडायचा?"

"हाडंही ओरडतील. दामोदरांनाच विचारू."

दामोदरांनी सगळं ऐकून घेतलं. "दुखणं नको, नुसती ओढ परत आणता येणार नाही?"

"नाही. वाट एकच आहे."

"मग पंचाईत आहे, डॉक्टर. आत्ता मला पोरगी हवीशी वाटतच नाही, तर ठरवू कसा?" ते थोडे थांबले. "बांध बसवण्याआधीचा दामोदर काय म्हणाला असता, तेवढं सांगू शकतो. त्याने म्हटलं असतं, पोरीला बोलवा. उघडा."

सुनयना नागपुरात पोचल्याचं कळल्यावर बांध उघडला. मॉर्फिनची सुई तयार होती. वेदनांक चढत सातवर गेला. दामोदरांनी चादर मुठीत धरली.

"सुनी कुठं हाय?" ते कण्हत म्हणाले. "अजून काहून नाही आली?"

"मॅडम, बंद करू या," निहाल म्हणाला.

"काका, बंद करू?" डॉक्टरांनी विचारलं.

दामोदरांनी मान हलवून नकार दिला. तेवढ्यात सुनयना आत आली. बापाचा चेहरा पाहून ती दारातच थबकली.

"फोन काहून नाही केला, बाबा?"

"ये. बस इथं." त्यांनी तिचा हात धरला. "हाच हात लागला होता बॉलले. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"खांदा होता तो, बाबा!"

"मले नको शिकवू!"

आवाज चढले. शेजारच्या खाटेवरून कुणीतरी हसलं. निहाल धास्तीने पडद्याकडे पाहत होता. वेदनांक पाचवर आला, मग तीनवर.

"बांध आपोआप बंद झाला वाटतं."

डॉ. खोब्रागडेंनी तपासलं. तो पूर्ण उघडा होता. सुईलाही कुणी हात लावला नव्हता.

"दुखणं अडवलं की ओढही अडते, एवढंच आपण पाहिलं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "वाट एकच असेल, तर ओढ शमली की दुखणंही उतरायला हवं. हे उलटं गणित मी कधी मांडलंच नाही."

दामोदर जाईपर्यंत सुनयना तिथेच राहिली. बांध पुन्हा बंद करावा लागला नाही. थोडं मॉर्फिन पुरलं. ते गेले तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता.

त्यांची खाट रिकामी झाल्यावर निहालने विचारलं, "मॅडम, ज्यांना कुणीच नाही, त्यांचं काय? परक्या माणसाच्या सोबतीनं अंक उतरेल?"

"माहीत नाही." डॉ. खोब्रागडे खिडकीजवळच्या खाटेकडे पाहत होत्या. तिथे बांध बसवलेल्या यमुनाबाई एकट्याच पडून होत्या. "त्यांना भेटायला कुणी येत नाही. काल त्या स्वतःच म्हणाल्या, बांध थोडा उघडून बघा."

निहालने स्टूल उचललं आणि तो यमुनाबाईंच्या दिशेने निघाला.