बारावा नग

चष्म्याच्या दुकानात सकाळी साडेनऊला ती आत शिरली की मालक मान वर न करता विचारायचे, "आज कोणतं साल?"

"बावन्न," ती म्हणायची. कधी "अठ्ठेचाळीस." आणि हातातली पर्स ड्रॉवरमध्ये ठेवून कामाला लागायची.

नऊ वर्षं हा विनोद चालू होता आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नव्हता. जुन्या पद्धतीचे कपडे हा काही तिचा छंद नव्हता. छंद सुटीच्या दिवशी करतात. ती रोजच तशी राहायची. गुडघ्याखाली येणारा घड्यांचा स्कर्ट, मोत्यांची बटणं असलेला ब्लाउज, कमरेत नेमका बसणारा करडा लोकरी कोट, मनगटावर किल्लीचं घड्याळ. ते घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडायचं आणि ती ते रोज पुढे करायची. बसमध्ये लोक वळून बघायचे, बघोत बापडे. "माझं लग्नाचं वय गेलं, आता म्युझियमचं आलंय," असं तीच आधी म्हणून टाकायची, म्हणजे दुसऱ्या कोणाला म्हणायला काही उरत नसे. खरं तर तिला त्या कपड्यांतलं काम आवडायचं. आतल्या शिवणीसुद्धा स्वच्छ, कॉलर उभी राहावी म्हणून हाताने घातलेले बारीक टाके. जे कोणाला दिसणार नाही तेही नीट करणारी माणसं एके काळी होती, आणि त्यांच्या हातचं अंगावर घातलं की आपणही जरा नीट आहोत असं तिला वाटायचं.

त्या आतल्या कामातच केव्हातरी तिने लाल दोऱ्याची ती खूणही पाहिली होती. कोटाच्या कॉलरमागे, मानेला लागेल अशा जागी, एक आडवा टाका आणि त्यावर एक उभा. असेल कोणा शिंप्याची लहर, म्हणून तिने ती सोडून दिली.

संध्याकाळी दुकानातून ती भावाच्या घरी जायची. भाऊ कामासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळे घर आणि बाबा दोन्ही वहिनीच्या अंगावर पडलेलं. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. जगातल्या सगळ्या नद्या त्यांना तोंडपाठ होत्या. आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते समोरच्या भिंतीकडे बघायचे. चौदा महिने झाले, त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. ती रोज त्यांच्यासमोर बसून म्हणायची, "बाबा, मी. चिमणी." पाहुण्याला द्यावा तसा ते मान हलवून होकार द्यायचे आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे. जेवायला घालताना वहिनीच्या जिवाचा आटापिटा व्हायचा. लेकीला मात्र आयुष्याकडून फार काही नको होतं. त्यांनी एकदा, फक्त एकदा, "चिमणे" म्हणावं एवढंच हवं होतं.

थंडी सुरू झाली त्या आठवड्यात मालकांनी तिला एक पुडकं दिलं. त्यांच्या एका गिऱ्हाइकाने आईचं घर आवरताना सापडलेले कातडी हातमोजे "तुमच्या त्या बाईंसाठी" म्हणून पाठवले होते. मोजे बोटाबोटाला बसले. त्या दिवशी करडा कोट, निळा स्कर्ट आणि साय रंगाचा ब्लाउज असा सगळा थाट करून ती संध्याकाळी बाबांच्या खोलीत गेली.

बाबांनी मान वळवली. खुर्चीचे हात धरून ते उभे राहिले. शर्टाचं सगळ्यात वरचं बटण त्यांनी लावलं, केसांवरून हात फिरवला.

"आलात?" ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते ताठ बसून जेवले. ताटात काही टाकलं नाही. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसत राहिली. "ओळखलं गं तुला," ती म्हणाली. "देवाशपथ, ओळखलं." परतीच्या बसमध्ये तिला रडू आवरेना. नवे हातमोजे ओले झाले.

घराच्या पायऱ्या चढताना तिच्या मनात आलं, बाबा मला कधी अहो-जाहो करत नव्हते. पण विसरभोळ्या माणसाच्या बोलण्याचा काय कीस काढायचा, असं म्हणून तिने तो विचार झटकला.

मग ती रोज तसंच जाऊ लागली. वहिनीनेच बजावलं होतं, "तेच कपडे घाल गं बाई. निदान चार घास पोटात जातात." बाबा ती बसेपर्यंत उभे राहायचे. विचारलेलं नसताना नद्यांची नावं सांगायचे, उगमापासून मुखापर्यंत, आणि एखादं चुकलं की थबकून तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. ती हसून म्हणायची, "छान." तरी त्यांचे खांदे सैल व्हायचे नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवशी नद्या संपल्यावर त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे वर, मग उलटे. आणि ते तसेच धरून ठेवले.

"काय हवंय बाबा?"

"धुतलेत," ते म्हणाले.

लहान मूल कोणाला तरी हात दाखवतं तसे ऐंशी वर्षांचे बाबा तिला हात दाखवत होते.

लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बसवण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. डावं की उजवं, हे बरं की ते, असं एकेक बदलून बघायची तिला सवय होती. दुसऱ्या दिवशी ती कपाटातला वेगळा कोट घालून गेली, तोही तितकाच जुना, हिरवा. बाबा भिंतीकडे बघत राहिले, जेवण तसंच पडलं. त्याच्या पुढल्या दिवशी पुन्हा करडा कोट. बाबा उभे राहिले. मग नुसते हातमोजे, बाकी सगळं साधं. बाबांनी बटण लावलं. जुनेपणाशी याचा काही संबंध नव्हता तर. आणि हातमोजे येण्यापूर्वी याच करड्या कोटाकडे त्यांनी कधी वळूनही पाहिलं नव्हतं.

रविवारी तिने सगळं कपाट पलंगावर रिकामं केलं आणि भर दुपारच्या उजेडात एकेक कपडा उलटा केला. हिरव्या कोटावर खूण नव्हती. करड्या कोटावर होती. निळ्या स्कर्टच्या कमरपट्टीत आडव्या टाक्यावर दोन उभे टाके. ब्लाउजवर तीन. रेशमी स्कार्फच्या कोपऱ्यात चार. अशा अकरा वस्तू निघाल्या, आणि अकरावे हातमोजे. करडा कोट तिने एका बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या लिलावात घेतला होता, स्कर्ट दुसऱ्या गावच्या प्रदर्शनात, स्कार्फ मैत्रिणीने वाढदिवसाला दिलेला. कोणती वस्तू केव्हा आली ते तिला पक्कं आठवत होतं, कारण प्रत्येकीचा आनंद तिने चार-चार दिवस पुरवून घेतला होता.

ज्या क्रमाने त्या आल्या होत्या, त्याच क्रमाने टाके वाढत गेले होते.

ती पलंगाच्या कडेवर बसली. आपली आवड, आपली नजर, आपलं वेगळेपण म्हणून नऊ वर्षं जे मिरवलं ते आपलं नव्हतंच की काय, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

तिचे लोकरी कपडे कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीतल्या आजी धुवायच्या. तीन पिढ्यांचा धंदा, आणि जिभेला धार अशी की गिऱ्हाईक डाग स्वतःहून कबूल करायचं. सोमवारी सकाळी तिने कोटाची कॉलर उलटून त्यांच्यापुढे धरली.

"धोबीखूण आहे," आजी म्हणाल्या. "आता कोण घालतंय? कागद टाचतात. आडवा टाका म्हणजे घर, उभे टाके म्हणजे गाठोड्यातला कितवा नग. हा पहिला. आणि हे खाली बारीक ठिपके दिसतात का? पहिल्या नगावर एकूण किती ते घालायचं. मोज."

तिने मोजले. बारा होते.

"माझ्याकडे अकरा आहेत," ती म्हणाली.

आजींनी इस्त्री उभी करून ठेवली. "सगळे एकाच घरचे? कुठे मिळाले?"

"वेगवेगळ्या ठिकाणी. एकामागून एक."

"म्हणजे गाठोडं अडकलंय." आजींनी कोट हळूच तिच्याकडे सरकवला. "अपुरं गाठोडं आम्ही कधी पोचतं करत नसू. एक नग कमी असला तरी सगळं थांबवून ठेवायचं. शेवटचा सापडला की मग बांधायचं आणि त्या बाईंच्या हाती द्यायचं."

"कोणत्या बाईंच्या?"

"ज्यांचं असेल त्यांच्या. मला काय ठाऊक?" आजी दुसऱ्याच कपड्याची घडी घालायला लागल्या. "हा कोट मात्र मी धुणार नाही. राग मानू नकोस."

त्या संध्याकाळी ती गेलीच नाही. वहिनीचाच फोन आला. आवाज दबका होता. "एक विचारू का? तू गेल्यावर बाबा मोरीत जाऊन बसतात. हात घासत राहतात. आज तू आली नाहीस तरी घासले, सालपट निघालं गं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटतंय. ते घाबरतात. कोणाला घाबरतात?"

तिने त्याच क्षणी ठरवलं. जेवले नाहीत तरी चालेल, ओळखलं नाही तरी चालेल, पण त्या बाईंना आपल्या अंगावर चढवून बाबांसमोर न्यायचं नाही. अकरा वस्तू तिने एका खोक्यात भरल्या, चिकटपट्टी लावली आणि खोकं दुकानाच्या माळ्यावर टाकलं. शनिवारी सकाळी एका मोठ्या चकचकीत दुकानात जाऊन तिने पिवळा शर्ट आणि साधी पँट घेतली. असे शर्ट तिथे चाळीस टांगलेले होते. कपडे बदलायच्या खोलीत तिने तो उलटा करून कॉलर, बाह्या, काठ, सगळं डोळ्यांत तेल घालून तपासलं. छापील लेबल होतं, तेही तिने कापून टाकलं आणि शर्ट अंगात घालूनच बाहेर पडली.

"आज कोणतं साल?" मालकांनी विचारलं.

"आजचं."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

शनिवारी अर्धाच दिवस असल्याने दुपारी दुकान बंद झाल्यावर ती भावाच्या घरी गेली. बाबांच्या खोलीत ऊन आलं होतं. त्यांच्या दोन्ही हातांना वहिनीने पांढऱ्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, बोटांची टोकं तेवढी उघडी. ती दारातच थांबली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चिमणे," ते म्हणाले.

ती धावत जाऊन त्यांच्या खुर्चीशी बसली. बाबांनी पट्टीतल्या बोटांनी तिच्या बाहीचं कापड चाचपलं.

"किती दिवसांनी आलीस गं. हा रंग तुला शोभतो."

"हो बाबा."

"त्या येतात रोज." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझी चौकशी करतात. मी काही सांगितलं नाही."

"आता त्या येणार नाहीत. मीच येईन."

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी सुस्कारा टाकला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ती परीक्षेला जाताना ठेवायचे तसा, जड आणि उबदार. तिने डोळे मिटले. आता काहीही झालं तरी चालेल इतकं तिला बरं वाटत होतं.

वहिनी पाण्याचा पेला घेऊन आत आली आणि तिच्या मागे थांबली.

"अगं, कॉलरमधून दोरा लोंबतोय. थांब, तोडते." मानेला वहिनीची बोटं लागली. "तुटत नाहीये. लाल दोरा आहे. पिवळ्या शर्टाला लाल दोरा कोण वापरतं?"

"वहिनी, राहू दे."

"इथे तर टाकेच घातलेत." वहिनीने कॉलर उलटली. "किती बारीक! एक, दोन, तीन..."

"वहिनी, मोजू नकोस."

पण वहिनी आपल्याच नादात होती. बोटाचं टोक मानेवर एकेक टाका पुढे सरकत होतं. बाबांचे ओठही तिच्याबरोबर हलत होते.

"...दहा, अकरा, बारा."

डोक्यावरचा हात उचलला गेला.

तिने डोळे उघडले. बाबा उभे राहत होते. खुर्चीचा हात धरून, सावकाश. पट्टीतल्या बोटांनी त्यांना वरचं बटण लागेना. तरी त्यांनी ते लावलं.

"आलात," ते म्हणाले.

"बाबा, मी—"

"चिमणी इथे आली नव्हती." बाबा घाईघाईने बोलले. त्यांचे डोळे भरले होते, पण नजर सरळ होती. "खरं सांगतो. ती कुठे आहे, मला माहीत नाही."

आणि त्यांनी हात पुढे केले. आधी तळवे, मग उलटे.

मीच चिमणी, असं तिला सांगायचं होतं. त्यासाठी तिने तोंडही उघडलं. पण त्याआधी, तिने न सांगताच, तिचे हात पुढे गेले. तिने बाबांची बोटं धरली, खिडकीच्या उजेडाकडे वळवली, आणि एकेक नख नीट बघितलं, करंगळीपर्यंत.