अंगणातली पिकअप

वीटवाल्या काकांच्या आवारात ती जुन्या पिकअपच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकली होती, तेवढ्यात मागून कुणीतरी धापा टाकत ओरडलं, “काका, विकू नका हो! ती मी घेणार आहे!”

दचकून उठताना तिचं डोकं बॉनेटला ठाणकन आपटलं. डोकं चोळत ती वळली. सायकलवरून एक तरुण उतरत होता. पांढरा मळका सदरा, खांद्याला अडकवलेली जाळीची टोपी… आणि एक डोळा मिटून तो सरळ तिच्याकडेच बघत होता.

“डोळा कसला मारताय?” ती फणकारली.

“मारत नाहीये हो—मिटलाय! सकाळी मधमाशी चावली.” त्यानं सुजलेल्या पापणीकडे बोट दाखवलं. “उघडा आहे त्या डोळ्यानं मी सभ्यपणे बघतोय.”

तिला हसू आलं. पण ते दाखवायची ही वेळ नव्हती.

“उशीर केलास बाबा,” काका म्हणाले. “हिनं आत्ताच घेतली. शब्द दिलाय मी.”

त्याचा चेहरा असा पडला, की तिला उगाचच अपराधी वाटलं. पण तिचाही इलाज नव्हता. घरामागच्या जागेत ती रोपं वाढवायची. नव्या शाळेनं तिला चारशे झाडांचं काम दिलं होतं, अवघ्या सात आठवड्यांच्या बोलीवर. दर वेळी टेम्पोवाल्याच्या पाया पडायचं, आणि त्यानं रोपं आडवी-तिडवी कोंबून अर्धी मोडून आणायची, याला ती विटली होती. स्वतःची गाडी हवी होती. ही चालत नव्हती, मागच्या हौद्याला गंजून भोकं पडली होती, हे खरं. पण म्हणूनच तर ती तिला परवडत होती.

काकांच्या ट्रॅक्टरनं पिकअप तिच्या गल्लीपर्यंत ओढून आणली. फाटकातून आत मात्र हातानंच ढकलायची होती. ती मागे जाऊन उभी राहिली, तर शेजारी तो हजर.

“तुम्ही का ढकलताय?”

“ओरखडा पडू नये म्हणून. दोन आठवड्यांत कंटाळून तुम्ही ती मलाच विकणार आहात.”

“मी? कंटाळणार?”

“बघूच की. येत्या रविवारी येऊन विचारून जाईन.”

आई शिवणाची कात्री हातात घेऊनच बाहेर आली. गाडीकडे, लेकीकडे आणि त्या एकाक्ष पाहुण्याकडे तिनं आळीपाळीनं पाहिलं. “लोक अंगणात झाडं लावतात,” ती म्हणाली, “आमच्या लेकीनं लोखंड लावलंय. उगवलं तर सांगा!”

रविवारी तो खरंच आला. डोळ्याची सूज उतरली होती. दोन्ही डोळे उघडे असताना तो बराच बरा दिसतो, हे तिच्या लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात आलं याचा तिला राग आला.

“काय मालकीणबाई, कंटाळलात का?”

“मुळीच नाही.”

खरं तर आठवडाभर ती रडकुंडीला आली होती. कार्बोरेटर सुटा करून तिनं आईच्या परातीत मांडला होता, आणि आता कुठला तुकडा कुठून निघाला ते तिला आठवत नव्हतं. जवळच खुर्ची टाकून बाबा गाडीचं माहितीपुस्तक मोठ्यानं वाचत होते. बाबांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेला. त्यामुळे ते दुरुस्ती कमी सांगत होते आणि छपाईच्या चुका जास्त.

तो परातीपुढे उकिडवा बसला. “हे बारीक भोक आहे ना, ते कचऱ्यानं बुजलंय. टाकी आतून गंजलीय, तो गंज पेट्रोलबरोबर इथं येतो. आधी टाकी धुवायला हवी.”

“तुम्हाला गाड्यांतलं कळतं?”

“थोडंफार,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

त्या दिवशी त्यांनी टाकी उतरवली, खडी घालून खळाखळा हलवली, सात पाण्यांनी धुतली. संध्याकाळी तो निघाला तेव्हा त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला पांढरा म्हणणं धाडसाचं होतं. जाताना त्यानं मधाची बाटली कठड्यावर ठेवली.

“ही कशाबद्दल?”

“परात खराब केली ना… आईंसाठी.”

“परात मी खराब केली.”

“मग तुमच्यासाठी.”

मग रविवारचा पायंडाच पडला. तो मधमाश्या पाळायचा. गावाबाहेर सूर्यफुलाच्या शेतांच्या बांधावर त्याच्या वीस पेट्या होत्या, आणि पेट्या वाहायलाच त्याला गाडी हवी होती. दर रविवारी फाटकातूनच तो विचारायचा, “कंटाळलात का?” ती म्हणायची, “नाही,” आणि दोघं कामाला लागायची. प्लग बदलले. क्लचची तार बदलली. हौद्याची सडलेली पत्र्याची जमीन काढून तिनं स्वतः फळ्या ठोकल्या. तो खिळे धरायचा, ती हातोडा मारायची.

“माझ्या बोटावर फार विश्वास आहे तुमचा,” तो एकदा म्हणाला.

“हातोड्यावर आहे. बोटाचं तुमचं तुम्ही बघा.”

आतून शिवणयंत्राची खडखड थांबायची, हसू ऐकू यायचं, आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायचं. आईनं न सांगता गाडीच्या बैठकीला निळं कापड शिवायला घेतलं होतं. बाबांनी त्याचं नाव ‘भुंगा’ ठेवलं. “आला का गं आपला भुंगा?” ते विचारायचे, अगदी तो ऐकेल अशा बेतानं.

चौथ्या रविवारी अवेळी सर आली. हत्यारं गोळा करून दोघं पिकअपच्या केबिनमध्ये शिरली. टपावर पाणी ताशासारखं वाजत होतं. समोरच्या काचेवर ओघळ, पलीकडे सगळं अंगण विरघळल्यासारखं… ती चालकाच्या जागी होती. तिनं उगाचच स्टिअरिंगच्या चक्रावर हात ठेवले.

“कुठं जायचं?” त्यानं विचारलं.

“नदीपलीकडे.”

“मग डावीकडे घ्या. जपून—पुढं बैलगाडी आहे.”

तिनं गंभीरपणे चक्र फिरवलं. जागची न हललेली गाडी नदी ओलांडून, घाट चढून, कुठल्याशा मोकळ्या माळावर पोचली. त्याच्या बाजूचा टप गळत होता. थेंब थेट त्याच्या मानेवर पडत होते. तो थोडा तिच्याकडे सरकला. ती सरकली नाही.

“इथं थांबू या?” तो हळूच म्हणाला.

“थांबू या…”

पाऊस केव्हाच थांबला होता, हे बाबांनी काचेवर टकटक करून सांगितलं तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ब्रेकचं रबर आणायला ती बाजारातल्या मिस्त्रींकडे गेली. मिस्त्रींनी तिच्या हातातला जुना तुकडा पाहिला आणि ते गालात हसले.

“म्हणजे ती गाडी तुमची तर! अहो, तो मधवाला रोज येऊन माझं डोकं खातो. आज काय उघडायचं, उद्या काय जोडायचं, सगळं वहीत लिहून घेतो. महिन्यापूर्वी त्याला पाना कुठल्या बाजूनं धरतात तेही माहीत नव्हतं!”

तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिला असं हसू फुटलं, की काउंटरला धरून उभं राहावं लागलं.

“पण आता सुटलो मी,” मिस्त्री पुढं म्हणाले. “बुधवारी त्याच्या पेट्या हलणार. सूर्यफूल संपलं ना! माझ्यामार्फत ट्रक शोधतोय, पण मिळेना. या लोकांचं काय, फूल तिथं बिऱ्हाड.”

तिचं हसू जागीच विरलं. रबराची पुडी घेऊन ती घरी आली, ती थेट रोपांच्या वाफ्यांत जाऊन बसली. बुधवार. पाच दिवसांवर. आणि या माणसानं चकार शब्द काढला नव्हता!

रविवारी तो आला. “कंटाळलात का?”

“वही काढा,” ती म्हणाली.

“कुठली वही?”

“खिशातली. मिस्त्रींनी सांगितलं मला.”

त्याच्या कानांनी पुन्हा रंग बदलला. मुकाट्यानं त्यानं घडी पडलेली छोटी वही तिच्या हातात दिली. आत वेड्यावाकड्या आकृत्या होत्या, बाण होते. ‘क्लचची तार—फार ताणायची नाही.’ त्याखाली, बारीक अक्षरात: ‘आज दोनदा हसली.’ पुढच्या पानावर प्लगचं चित्र, आणि कोपऱ्यात: ‘रागावली की नाकाला ग्रीस लागलेलंही कळत नाही तिला. सांगितलं नाही मी.’

बाबा मोठ्यानं खाकरले, खुर्ची उचलली आणि कधी नव्हे ते स्वतःहून आत गेले.

“आणि बुधवारी जाणार,” तिचा आवाज चढला, “ते कुठल्या पानावर लिहिलंय?”

“ते…” त्यानं मान खाली घातली. “ते लिहवेना.”

“ही गाडी सुरू झाली तर तुम्हाला मिळणार नाही, हे कळत होतं ना? मग शिकून-शिकून दुरुस्त कशाला करत होतात?”

“पहिल्या रविवारी मी गाडीसाठीच आलो होतो, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या रविवारी निघालो तेव्हा…” तो अडखळला. “कंटाळलात का, असं विचारायचो, आणि तुम्ही नाही म्हणालात की जीव भांड्यात पडायचा माझा. हो म्हणाला असतात तर गाडी मिळाली असती, पण इथं यायला कारण कुठून आणलं असतं?”

तिनं पुडी त्याच्यासमोर धरली.

“आधी ब्रेक,” ती म्हणाली.

दुपारी तीनच्या सुमाराला सगळं जोडून झालं. तिनं किल्ली फिरवली. गाडीनं उचकी दिली आणि गप्प झाली. दुसऱ्यांदा नुसतीच कुरकुरली. तिसऱ्यांदा मात्र साऱ्या अंगाला हिसका देत, काळ्या धुराचा लोट सोडत, पिकअप धडधडायला लागली! आई बाहेर धावली. बाबा लहान मुलासारख्या टाळ्या वाजवत होते. धुरातून तिनं पाहिलं, तो एका बाजूला उभा राहून चिंधीनं हात पुसत होता. फार सावकाश, एकेक बोट.

“चला,” तो म्हणाला. “संपलं माझं काम.”

“कोण म्हणतं? बुधवारी पेट्या कशात नेणार आहात?”

“ट्रक बघतोय…”

“आणि ही काय शोभेला ठेवलीय? वीस पेट्या आरामात बसतील. चालवणार मात्र मी. माझी गाडी मी कुणाच्या हातात देत नाही.”

सोमवार-मंगळवारी तिनं चारशेच्या चारशे रोपं शाळेत पोचवली. एकाचीही फांदी मोडली नाही. बुधवारी पहाटे, तांबडं फुटता फुटता, आदल्या संध्याकाळी दारं लावून बंद केलेल्या पेट्या दोघांनी हौद्यात चढवल्या, दोरखंडानं आवळल्या. रस्ता दोन तासांचा. मागून वीस पेट्यांची गुणगुण येत होती. खड्डा आला की ती चढायची, सपाट रस्ता आला की निवायची.

ही खरी वाट होती, खोटी बैलगाडी कुठंच नव्हती.

नवी जागा टेकडीच्या पायथ्याशी होती. नजर पोचेल तिथवर धण्याचं रान फुललं होतं—पांढरं, नाजूक, वाऱ्यावर हलणारं. पेट्या मांडून त्यानं एकेक दार उघडलं. माश्या बाहेर आल्या आणि दारासमोरच घिरट्या घालू लागल्या.

“लांब का जात नाहीत?” तिनं विचारलं.

“घर पाठ करून घेतायत. नवी जागा ना.”

“इथं किती दिवस?”

“पाच आठवडे. मग पुढचं रान.”

“आणि त्याच्या पुढं? कायमचं काय?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. “कायमचं कधी ठरवलंच नाही. कुणी विचारलंच नाही आजवर.”

“मी विचारतेय.” तिनं एक श्वास घेतला. छातीत मागच्या वीसही पेट्या गुणगुणत होत्या. “माझी रोपं एका जागी, तुझी फुलं फिरती. काही दिवस तू तिकडे, काही दिवस मी इकडे. मधे आहे की गाडी. लग्न करशील माझ्याशी?”

त्याच्या हातातला, माश्यांना शांत करायचा धुराचा डबा तिरका झाला आणि सगळा धूर त्याच्याच तोंडावर गेला. तो खोकला, डोळे पुसले, पुन्हा खोकला.

“‘तू’ म्हणालात मला,” तो कसाबसा म्हणाला.

“‘म्हणालात’ नाही… ‘म्हणालीस’.”

“म्हणालीस.” त्यानं तो शब्द जपून, चव घेतल्यासारखा उच्चारला. आणि मग इतक्या मोठ्यानं “हो!” म्हणाला, की बांधावरची पाखरं भर्रकन उडाली. त्यानं तिचा हात धरला. दोन्ही हातांच्या नखांत अजून काळं ऑइल होतं.

नव्या जागी पहिल्या दिवशी माश्यांना सोडून जाता येत नाही, म्हणून परतीला ती एकटीच निघाली. आरशात तो रस्त्याच्या मधोमध उभा दिसत होता, वळण येईपर्यंत.

ती घरी पोचली तेव्हा आई फाटकातच उभी होती. बाबा तिच्यामागे, चष्मा कपाळावर.

“काय म्हणाला?” आईनं दम न धरता विचारलं.

“तो काही म्हणाला नाही. मीच विचारलं.”

“तू?” आईनं कमरेवर हात ठेवले. “अगं… आणि मग?”

“मग तो हो म्हणाला.”

आईनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे. मग आई तिथंच कठड्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता डोळे भरून आले, तरी हसतच राहिली. बाबांनी चष्मा नाकावर घेतला, लेकीला जवळ ओढलं, आणि घसा साफ करत म्हणाले, “माझ्या पोरीनं स्वतः विचारलं. बरं केलंस हो.”