वाळवी न लागणारं लाकूड

खोटं वाटत असेल तर बावड्याला या. दुपारी जोहरची नमाज झाली की आमच्या घरात माळ्याखाली बसा, आणि मग बोला.

मी शगुफ्ता. माझे सासरे चाँदभाई यांचं लाकडाचं दुकान. गावात कुणा मुसलमानाची मयत झाली, की कबरीत मयतीवर आडव्या टाकायच्या फळ्या आमच्याकडूनच जातात. पैसे घेत नाहीत. लाकूड मुद्दाम साधं, आंब्याचं. ते कुजतं, कबर खचते, घरचे वरून माती टाकतात. माणूस मातीला मिळाला, असं समजायचं.

गेल्या वर्षी जुलैत सासूबाई गेल्या. जरिना अम्मी.

अम्मींना कोंडून राहणं कधी सोसलं नाही. थंडीतही तोंडावर गोधडी घ्यायच्या नाहीत. शेवटी माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, मला लौकर मातीत मिळू द्या. लई दिस तसंच ठिवू नका."

मी अब्बांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं. पण त्यांचा सगळा जीव अम्मींत.

"वाळवी खाईल गं तिला," म्हणाले. "मला न्हाय सोसायचं."

दुकानात औषध मुरवलेलं पाइनचं लाकूड आलेलं. हिरवट रंगाचं. मातीत गाडा, पाण्यात ठेवा, काही होत नाही. "पन्नास वर्षांची हमी!" अब्बा गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचे. त्याच लाकडाचे आमच्या पडवीला वासे होते, आत माळाही त्याचाच.

अम्मींच्या फळ्या अब्बांनी त्यातूनच कापल्या. कापलेलं टोक उघडं पडतं, तिथून कीड शिरते. म्हणून रडत रडत प्रत्येक टोकाला ब्रशनं औषध लावलं.

माणसानं इतका जीव लावू नये.

पाऊस सरला आणि सुरू झालं...

भर दुपार. मी पडवीत गहू निवडत होते. वरच्या वाशातून आवाज आला.

खर्र... खर्र...

मेला उंदीर असेल, म्हटलं. काठीनं ठोकलं. आवाज थांबला.

मग वरून कुणीतरी ठोकायला लागलं.

वाशाच्या आतून... भरीव लाकडाच्या आतून.

पाठोपाठ कापराचा वास आला. मयतीला लावतात, तो.

अब्बा धावत आले. वाशावर तळवा ठेवला. "जरिना..."

आवाज थांबला.

माझा नवरा अफजल कब्रस्तानात जाऊन आला. चेहरा उतरलेला. "शेजारची कबर अम्मीच्या मागनं झालेली, ती खचली. अम्मीची बोटभर बी न्हाय."

अब्बा मौलानांकडे गेले.

"दफन झाल्यावर कबर उकरायची न्हाय, चाँदभाई. आता फकस्त दुवा करा."

अब्बांनी पडवीचे वासे उतरवले. दुसऱ्या दुपारी...

माळ्यातून आवाज आला.

अफजल माळाही काढायला निघाला. अब्बा आडवे आले. "नगं रं. मग ती जाईल कुठं?"

तेव्हापासून रोज दुपारी ते शिडीवर उभे राहायचे. माळ्याच्या तुळईवर तळवा ठेवून. "मी हाय गं. हितंच हाय."

हात ठेवला की आवाज थांबायचा. काढला की... खर्र.

जेवण सुटलं. झोप सुटली. थंडीत अब्बा गेले. त्यांच्यावर आम्ही आंब्याच्याच फळ्या टाकल्या.

यंदा त्यांची कबर खचली. अफजल माती टाकून आला. लोक म्हणाले, चांगलं झालं, सुटले.

शेजारी अम्मींची तशीच... भरलेली.

आता दुपारी मी शिडीवर चढते. तुळईवर तळवा ठेवते. "अम्मी, मी हाय. शगुफ्ता."

थांबत नाही.

उलट जोरात येतो... माझ्या तळव्याखालून सरकत पुढं जातो. अब्बांचा हात शोधत असाव्यात.

मला त्यांची भीती वाटत नाही. वाईट वाटतं, आणि काही करता येत नाही.

काल हिशेब केला. हमी संपेल तेव्हा मी नसेन, अफजलही नसेल.

अम्मी असतील.