खाणीतून परत आलेला दगड

भुताखेतांवर माझा भरवसा नाही. पण हे माझ्या आईनं, भुरीबाईनं, डोळ्यांनी पाहिलं. तिच्या सख्ख्या भावाचं रक्त तिच्या ओढणीला लागलं होतं.

१९५७चा चैत्र. भर दुपार.

रिठद गावाजवळ मामांचा बंजारा तांडा. तांड्यापलीकडे चुनखडीची बंद पडलेली खाण. तिथल्या दगडांत शंखांचे ठसे होते. सरकारी माणसं येऊन पाहून गेली आणि तारेचं कुंपण पडलं. इथला खडाही हलवायचा नाही, असा हुकूम. थोरले मामा हेमसिंग तिथे राखणदार.

माहेरी आलेली आई त्यांची भाकर घेऊन गेली होती.

खाणीच्या तळाशी एक बकरी उतरली होती. मामांनी तिला हाकलायला दगड भिरकावला.

बकरी पळाली.

आणि... दगड परत आला.

थेट मामांच्या कपाळावर.

"कोन हाय रे खाली?"

खाण पांढरीफक्क. लपायला झुडूपसुद्धा नाही.

मामा तापट. रक्त पुसलं आणि दुसरा फेकला. तोही आला. मामांचे पुढचे दात पडले.

आईनं हात धरला. "दादा, घरी चाल. हे काई बरं नाई."

"मले कोनी मारून राह्यलं, अन् मी पळू?"

त्यांनी पहार घेतली. काठावरचा मोठा धोंडा उचकटू लागले.

तेव्हा खालून आवाज आला...

"दादा, थांब."

धाकट्या मामांचा. फुलसिंगचा. दोघं भाऊ एका ताटात जेवायचे.

आई ओरडली. "फुलसिंग हाय खाली. सोड तो धोंडा."

मामांनी वाकून पाहिलं. "कोनीच नाई. त्याचा आवाज काढून मले फसवून राह्यलं."

आणि पहार दाबली.

धोंडा गेला.

पण पडल्याचा आवाज... आलाच नाही.

दोघं कान देऊन उभे. वारा नाही. पाखरू नाही.

मग तांड्याकडून बायकांचा आकांत उठला.

फुलसिंगमामा घरात बाजेवर झोपले होते. छातीवर तोच धोंडा. पहारीचा ताजा ओरखडा आईनं ओळखला. बाज मोडून भुईला टेकलेली, बरगड्यांचा चुरा, रक्त भिंतीपर्यंत उडालेलं.

छपराला भोक नव्हतं.

त्यांची बायको धनीबाई उंबऱ्यातच दाणे निवडत बसली होती. आत कोणी गेलं नव्हतं.

"झोपेत बोलले," ती म्हणाली. "दादा, थांब... मले वाटलं, सपन पडलं."

हेमसिंगमामा त्या धोंड्यावर कपाळ आपटू लागले. फुटलं तरी आपटतच राहिले. माणसांनी ओढून काढलं.

पोलीस आले. धोंडा उचलायला चार गडी लागले. तो एकट्यानं घरात नेणं शक्य नाही, म्हणून मामांना सोडलं.

धोंडा अजून तांड्याच्या शिवेवर पडून आहे. खाणीचा आहे, खाणीत टाका, असं एक साहेब सांगून गेला.

कोणी हात लावला नाही. मीही नाही.

टाकला, आणि पडल्याचा आवाज आला नाही तर...

माझीही लेकरं दुपारी घरात झोपतात.