पाणाड्या

संध्याकाळी साडेसात वाजले की फलटणच्या त्या गल्लीत घराघरांतून नाक ओढल्याचे आवाज येऊ लागत. मालिका एकच होती, 'सरनोबतांची सून', आणि तिच्यावर सगळी गल्ली मनापासून रडायची. पण कोण कशावर रडलं हे कुणी कुणाला विचारत नसे. बाईमाणसाला वय विचारण्याइतकं ते असभ्य मानलं जाऊ लागलं होतं. शिवाय विचारून उपयोगही नव्हता, कारण प्रत्येकाने पाहिलेली मालिका वेगळी असायची.

ही करामत बहुमुखी पडद्याची. पूर्वी जत्रेत बारीक रेघांचं एक चित्र मिळायचं. इकडून पाहिलं की त्यात गणपती दिसायचा, जरा सरकून पाहिलं की लक्ष्मी. तीच युक्ती शास्त्रज्ञांनी पुढे नेली होती. एकाच पडद्यावरून प्रत्येक खुर्चीकडे वेगळं चित्र जायचं आणि आवाजाचा झोतही त्या त्या माणसाच्या कानापुरताच यायचा. पडद्याच्या चौकटीतला एक बारीकसा डोळा बघणाऱ्याच्या पापण्यांची ओल, अडकलेला श्वास, गिळलेला आवंढा टिपून घेई आणि त्यावरून यंत्र कथा वळवत राही. नट तेच, घर तेच, पण कुणाच्या मालिकेत रुसलेला भाऊ परत यायचा, तर कुणाच्या मालिकेत म्हातारा बैल विकला जायचा. थोड्याच आठवड्यांत यंत्राला त्या माणसाच्या मनातली नेमकी जागा सापडे, जिथे टिकाव घातला की पाणी लागणारच. या जागेला 'आर्द्रबिंदू' असं भारदस्त नाव होतं. लोक मात्र त्या यंत्राला सरळ पाणाड्या म्हणत, विहिरीची जागा दाखवणाऱ्याला म्हणतात तसं.

शालनबाई ताटे यांना आपण कशावर रडतो ते चांगलं ठाऊक होतं. सासरी गेलेली लेक न कळवता दारात उभी राहिली की त्यांचा पदर डोळ्याला गेलाच म्हणून समजा. प्रश्न त्यांच्या यजमानांचा होता.

रघुनाथराव ताटे कधी रडत नसत. तरुणपणी त्यांची तंबू टॉकीज होती. वर्षातले आठ महिने ते गावोगावच्या जत्रांतून सिनेमे दाखवत फिरायचे. पडद्यावर आई मेली की तंबूभर हुंदके फुटायचे, आणि हे मागे मशिनपाशी उभे राहून रीळ नीट चाललंय ना तेवढं बघायचे. थोरल्या लेकीच्या पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता, तेव्हा हे लाइटच्या माळा उतरवून गुंडाळत होते. असा हा माणूस आता आठवड्यातून तीनदा शेजारच्या खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडत होता.

पहिल्यांदा शालनबाईंना बरंच वाटलं. मग मनात पाल चुकचुकली. हे रडतात ते कुणासाठी? आठ-आठ महिने बाहेर असायचे. कुठल्या गावच्या जत्रेत कोण भेटलं असेल, देव जाणे. एकदा त्या हळूच त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पण पाणाड्या खुर्ची नव्हे, चेहरा ओळखत होता, त्याने त्यांना त्यांचीच लेक दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याचा चष्मा लावला आणि माकडटोपी चढवली. तरीही लेकच आली. त्या गमतीचं पुढे त्यांना स्वतःलाच हसू यायचं, पण त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

शेवटी त्यांनी ईश्वरीला बोलावून घेतलं. ईश्वरी त्यांच्या बहिणीची मुलगी, पुण्यात पाणाड्यावरच काम करणारी शास्त्रज्ञ. तिने आधी कानावर हात ठेवले. एकाचा आर्द्रबिंदू दुसऱ्याला दाखवायला सक्त मनाई होती, नवरा-बायकोलाही. तिची नोकरी गेली असती. शालनबाईंनी नोकरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला, ईशू. मी ह्यांच्या मनात कुठं हाय का न्हाई, एवढं तरी कळू दे की मला."

रघुनाथराव फिरायला बाहेर पडल्यावर ईश्वरीने त्यांची मालिका लावून दिली. शालनबाई छाती घट्ट करून बसल्या. आता ती बाई येईल, मग येईल, अशी वाट बघत राहिल्या. पडद्यावर एवढंच झालं: सरनोबतांच्या घरातला कर्ता माणूस गावाहून परत आला. त्याने घंटा वाजवायच्या आतच बायकोने दार उघडलं. त्याच्या पावलांचा आवाज तिने आतूनच ओळखला होता. "आलात?" ती म्हणाली, "वाट बघत होते." मग चहा झाला. ईश्वरीने चित्र थांबवलं.

"पुढं?" शालनबाईंनी विचारलं.

"पुढे काही नाही, मावशी. काका यावरच रडतात."

शालनबाईंच्या डोळ्यांत टिपूसही आलं नाही. त्यांना राग आला. तंबू उठवून नवरा घरी यायचा, तेव्हा दार नुसतं लोटलेलं असायचं आणि त्या आतून ओरडायच्या, चपला बाहेर काढा म्हणून. पोरी आईच्या मागे लपायच्या. घर त्यांच्यावाचून छान चाललेलं असायचं आणि याचा शालनबाईंना अभिमान होता. "एवढंच हुतं तर तोंडानं सांगायला काय झालं हुतं ह्यास्नी?" त्या म्हणाल्या.

ईश्वरीने निघताना एक गोष्ट समजावून सांगितली. यंत्राला माया कळत नाही, फक्त पाणी कळतं. जी इच्छा खऱ्या आयुष्यात पुरी होते, तिच्यावर माणूस रडेनासा होतो. मग त्या जागेचं पाणी आटतं आणि यंत्र दुसरी जागा शोधायला लागतं. शालनबाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. रघुनाथरावांची परतायची वेळ झाली होती.

त्या दिवशी रघुनाथरावांचा हात घंटेवर जायच्या आत दार उघडलं. मालिकेतल्या बाईसारखं 'आलात' म्हणायचं शालनबाईंनी ठरवलं होतं, पण ते काही तोंडातून निघेना. "आलासा?" त्या म्हणाल्या. "कवाधरनं वाट बघतीय." रघुनाथरावांनी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे दुसरं कुणी आलंय की काय म्हणून.

मग ते रोजचंच झालं. शालनबाईंना फाटकाच्या कडीवरून त्यांचा हात ओळखू येऊ लागला. रघुनाथराव फेरी अर्धीच टाकून लवकर परतू लागले. मित्र चेष्टा करत, आणि ते लाजत. त्या वयात त्यांना ते शोभूनही दिसे. साडेसातला ते कोरड्या डोळ्यांनी पडदा बघत, आणि शालनबाई चोरून त्यांच्याकडे बघत. पाणाड्याला आपण हरवलं, असं त्यांना वाटे. फार सुखाचे दिवस होते ते.

पावसाळा सरला आणि एका संध्याकाळी रघुनाथराव पुन्हा रडले. आधीसारखे नव्हे, तोंडावर पंचा दाबून, खांदे हलेपर्यंत. शालनबाईंना त्यांच्याकडे वळून बघायचं होतं, पण बघता आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या पडद्यावर आज लेक आलीच नव्हती. सरनोबतांची बायको दारामागे उभी होती. चहा निवत चालला होता. ती फाटकाकडे कान लावून होती आणि पावलं काही वाजत नव्हती.

मालिका संपली तरी दोघं उठले नाहीत. मग रघुनाथरावांनी त्या गल्लीत कुणी कुणाला विचारत नसे ते विचारलं.

"तुला काय दावलं?"

"काय न्हाई. एक बाई दारात उभी हुती."

"मग?"

"मग काय न्हाई. नुसती उभी."

रघुनाथरावांनी पंचाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"मी भाईर हुतो," ते म्हणाले. "घंटा वाजवत हुतो. दार कुणी उघडंना."

शालनबाईंनी हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं. ईश्वरीचं बोलणं त्यांना आता कळलं. रडण्यासारखं काही राहू नये म्हणून त्यांनी दार उघडलं होतं, आणि दार उघडलं म्हणूनच आता गमावण्यासारखं काही होतं. अर्धी गोष्ट त्यांना दाखवली होती, अर्धी ह्यांना. दोघांपैकी जो मागे उरेल त्याला कधी ना कधी आपली अर्धी खरोखर बघावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी रघुनाथराव फिरायला गेले नाहीत. शालनबाईंनीही जा म्हटलं नाही. दोघांनी घरातच चहा घेतला, दाराकडे पाठ करून. साडेसात वाजता ते आपापल्या खुर्चीत बसले, खुर्च्या जरा जवळ ओढून, आणि चौकटीतला तो बारीक डोळा पुन्हा जमीन चाचपू लागला.