गेटवर राहिलेल्या चपला

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. ज्या घरात हे घडलं ते मोखाड्यात आहे. ते घर माझ्या मावसबहिणीचं, उज्ज्वलाचं. ती पंचायत समितीत क्लार्क आहे आणि उगाच घाबरणाऱ्यातली मुळीच नाही. तिने मला हे भर दुपारी सांगितलं, तरी सांगताना दोनदा उठून दाराबाहेर पाहून आली.

‘भुताखेतांवर आपला विश्वास नाही बुवा’ म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण जव्हारहून येताना घाटाआधीच्या त्या माळावर दिवेलागणीनंतर गाडी थांबवणारा त्यातला एकही मी पाहिलेला नाही.

त्या माळावर एक कारखाना होता. जुने टायर भट्टीत घालून त्यातून तेल काढायचे. उज्ज्वलाचा धाकटा भाऊ सुदर्शन तिथेच कामाला होता.

कारखान्यात एक रीत होती. आत जाताना सगळ्यांनी गेटवर आपल्या चपला काढायच्या आणि कंपनीचे गमबूट घालायचे. चपला भिंतीकडेला ओळीने लावायच्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. पाळी सुटली की बूट काढायचे, चपलेत पाय सरकवायचे आणि घरची वाट धरायची. चपला गेटवर म्हणजे माणूस आत, चपला नाहीत म्हणजे माणूस गेला. याहून वेगळी हजेरी तिथे कुणी ठेवत नव्हतं.

आता त्या संध्याकाळकडे येतो.

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. दिवाळीची सुट्टी, त्यामुळे बहुतेक कामगार आपापल्या पाड्यावर गेलेले. भट्टीपाशी मोजकी माणसं ठेवली होती. त्यात सुदर्शन होता आणि सूर्यमाळचा पुंजा होता.

उज्ज्वलाने दुपारपासून भावाला फोन करून भंडावून सोडलं होतं. “सुदा, ताट वाढून बसलेय मी. येतोस की मीच येऊ तिथे?” शेवटी पुंजाच म्हणाला, “जा तू. मी हाय ना इथं.” सुदर्शन पळतच गेटवर आला, अंधारत आलेलं, चपलेत पाय सरकवले आणि मोटरसायकलला किक मारली.

घरी पोचला. पाटावर बसला. उज्ज्वलाने तबक उचललं...

आणि घर हादरलं.

आधी सगळ्यांना वाटलं, कुण्या कार्ट्याने दारातच सुतळी बॉम्ब लावला. पण फळीवरचे डबे खाली आले. आळीतल्या पोरांनी सुट्टीभर खपून केलेले मातीचे किल्ले बसल्या जागी ढासळले. ज्याला विचाराल तो आजही आपापली आठवण सांगतो. कुणाच्या गाईने दावं तोडलं, कुणाच्या देवघरातली समई पडली. उज्ज्वलाला मात्र एकच आठवतं. तिच्या हातातल्या तबकातलं निरांजन विझलं, वारा नव्हता तरी.

माळाच्या बाजूला आकाश लाल झालं होतं.

भट्टीपाशी जे होतं ते बघवत नव्हतं. कोण कुठला, ओळख पटेना. मग गावकऱ्यांनी गेटकडे पाहिलं. भिंतीकडेची ओळ तशीच होती. त्या चपलांवरूनच माणसं ओळखली. सुदर्शनने आपल्या चपलेच्या टाचेवर तापल्या खिळ्याने ‘सु’ काढला होता. ती चप्पल ओळीत दिसली, म्हणून तासभर लोक म्हणत होते की सुदर्शन गेला. मग तो स्वतःच धावत तिथे आला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. गडबडीत काहीतरी घालून गेला असेल, असं म्हणून लोकांनी तो विषय सोडला.

पुंजाच्या चपला ओळीत नव्हत्या.

म्हणजे पुंजा वाचला! सगळ्यांनी हेच धरलं. घाबरून पळाला असेल, भिवंडीला गेला असेल, येईल आपणहून. त्याची आई कमू ते ऐकून घरी गेली आणि दार उघडं ठेवून बसली. ना शोध, ना दिवस, ना पाणी.

सुदर्शन त्यानंतर तापाने फणफणला. ताप उतरल्यावर कारखान्याचं नाव टाकून नाशिकला गेला. जाताना नवे बूट घालून गेला. भाऊबिजेला पायात घालून आलेल्या चपला उज्ज्वलाकडेच राहिल्या. तिने त्या गोणीत घालून माळ्यावर टाकल्या आणि विसरली.

गेल्या वर्षी दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा गोणी खाली आली. चपलांवर अजून काळी धूळ होती. एकीचा अंगठा तांब्याच्या तारेने ओवून पक्का केलेला. उद्या कचऱ्यात टाकू म्हणून तिने त्या ओट्याच्या पायरीवर ठेवल्या.

त्याच संध्याकाळी ती देवापाशी दिवा लावत होती...

अंगणात पावलं वाजली.

अनवाणी पावलं. फरशीवर ओला तळवा टेकावा तसा आवाज. सावकाश... एकेक... ओट्याशी येऊन थांबली.

“अहो, आलात का?” तिने विचारलं.

तिचा नवरा गोवर्धन शाळामास्तर. तो मागल्या खोलीतून म्हणाला, “मी कुठे गेलो होतो?”

ती बाहेर आली. कुणी नव्हतं. फक्त जळक्या रबराचा वास होता, घशाला खवखवणारा.

आणि पायरीवर घरातल्या सगळ्यांच्या चपला होत्या. तिची, गोवर्धनची, शेजारणीची राहिलेली. सगळ्या ओळीने. सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला.

गोवर्धन हसला. “दिवाळीत भुतं नाही गं, पाहुणे येतात.” मास्तर माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच झालं, तेव्हाही त्याने कुत्र्यावर ढकललं. तिसऱ्या संध्याकाळी पायरीवर पावलाचा ठसा उमटला. राखेचा, पाची बोटांसकट. त्या तारेच्या चपलेपाशी येऊन थांबलेला. तेव्हा मात्र मास्तरांनी फडकं आणून मुकाट्याने ओटा पुसला.

उज्ज्वलाने सुदर्शनला फोन लावला.

“सुदा, त्या तुझ्या जुन्या चपला...”

तो म्हणाला, “ताई, त्या माझ्या नाहीत गं.”

“मग कुणाच्या?”

“पुंजाच्या. घाटातच कळलं मला, तार टोचली तेव्हा. दोघांनी जव्हारच्या बाजारातून सारख्याच घेतल्या होत्या. मी म्हटलं, उद्या बदलून घेऊ...” त्याचा आवाज फुटला. “नंतर सगळे म्हणाले पुंजा जिवंत आहे. कमूमावशी हसत होती ताई. मी कुठल्या तोंडाने सांगू?”

म्हणजे पुंजा आतच होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो आत होता आणि एकाही माणसाने त्याला शोधलं नव्हतं.

“आणि ताई, इथेही...” तो हळूच म्हणाला. “माझ्या खोलीबाहेर बूट असतात ना. रोज सकाळी कुणीतरी ते फिरवून ठेवतं. तोंडं बाहेर करून.”

भाऊबीज जवळ आली होती. सुदर्शन मोटरसायकलवरून एकटा घाटाने येणार होता. येऊ नको म्हणावं तर भाऊबिजेला भावाला नको म्हणणारी बहीण कुठे असते? आणि तो नाशिकला राहिला तरी तिथेही कुणीतरी दारापाशी येतच होतं. तिला दुसरं काही सुचेना. ज्याच्या चपला त्याच्या घरी गेल्या पाहिजेत, आणि सुदा निघायच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने गोवर्धनला गाडी काढायला लावली.

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर कमूचं घर शेवटचं. दार सताड उघडं. उंबऱ्याशी पाण्याने भरलेला तांब्या, बाहेरून येणाऱ्याला पाय धुवायला ठेवतात तसा. म्हातारी नाचणी पाखडत होती. उज्ज्वलाने काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं, पण तिला पाहिल्यावर सगळं पुसलं गेलं. तिने नुसती पिशवी पुढे केली.

कमूने चपला काढल्या. तारेवरून अंगठा फिरवला.

“ही तार मीच ओवली,” ती म्हणाली.

“मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय... पुंजा...”

“ठावं हाय बाय.”

“काय ठाऊक आहे?”

“तो येतं ना. दिवा लावला का येतं. पाय धुतं. आत नाय येत.” तिने तांब्याकडे बोट दाखवलं. “सकाळी बघावं तं पाणी काळं. मी इचारलं, आत का नाय येस रं? तं म्हणतं, पाय भाजतात आये, चपला नाय. मी म्हटलं, कथं टाकल्यास? तं म्हणतं... सुदाकडं हायत. आणतं.”

सुदाचं नाव उज्ज्वलाने अजून काढलंही नव्हतं.

“मावशी, तुम्ही तर सगळ्यांना सांगत होतात, तो जिवंत आहे म्हणून...”

“लोक म्हणत, मी हो म्हणं.” म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. “जित्या माणसाला नव्या चपला घेता येतात, बाय. जुन्याच मागत फिरतं तो जिता नसतं.”

तिने त्या चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या. नीट, तोंडं घराकडे करून. “आता येल आत,” म्हणाली. “आता त्याचं दिवस करीन.” रडली नाही. रडली ती उज्ज्वला, परतीच्या वाटेवर, नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकून.

त्या संध्याकाळी अंगणात पावलं वाजली नाहीत. वासही आला नाही. पुढचे दिवसही तसेच शांत गेले. भाऊबिजेला सुदर्शन सुखरूप पोचला. घाटात काही दिसलं नाही म्हणाला. पाटावर बसला. उज्ज्वलाने ओवाळलं. निरांजन शेवटपर्यंत जळत राहिलं.

वर्षभराने त्या घरात माणसं मोकळेपणाने हसली. गोवर्धनने तर मास्तरकीला साजेसं भाषणही ठोकलं, मनाचे खेळ वगैरे.

जेवणं झाली. हात धुवायला म्हणून सुदर्शन दाराबाहेर गेला.

आणि तिथेच उभा राहिला...

“ताई,” एवढंच म्हणाला.

पायरीवर त्याचे बूट नव्हते.

तिथे चपला होत्या. जुन्या, धुराने काळवंडलेल्या. टाचेवर खिळ्याने काढलेला ‘सु’.

त्या रात्री गेटवर राहिलेल्या त्या चपला. पोलिसांनी बाकीच्यांबरोबर गोणीत भरून नेलेल्या. पुढे त्या कुठे गेल्या कुणालाच माहीत नव्हतं. उज्ज्वलाने वाकून हात लावला आणि झटकन मागे घेतला. चपलांचे तळ गरम होते. चुलीजवळून आताच उचलल्यासारखे.

“बदलून दिल्या त्याने,” गोवर्धन म्हणाला. “त्याच्या त्याला मिळाल्या, तुझ्या तुला दिल्या. फिटलं.” मास्तरांच्या कपाळावर घाम होता.

उज्ज्वलालाही तसंच धरायचं होतं. पण तिची नजर हलेना. चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला होती, माळाच्या दिशेने. पाळीवर गेलेल्या माणसासाठी लावून ठेवतात, तशी.

सुदर्शनने त्या घातल्या नाहीत. गोवर्धनचे जुने बूट घालून, उजेडात, एसटीने नाशिकला गेला. चपला मात्र तिथेच आहेत. टाकून दिल्या तर काय होईल, हे ठाऊक नाही, म्हणून उज्ज्वला टाकत नाही. रोज दिवेलागणीला ती त्यांची तोंडं घराकडे करून ठेवते. सकाळी उठून पाहते तर ती बाहेरच्या बाजूला असतात. मग भावाला फोन लावते. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय घोटभर चहासुद्धा तिच्या घशाखाली उतरत नाही.

मला हे सांगत होती त्या दिवशी सकाळी त्याने फोन बऱ्याच उशिरा उचलला होता.

ती ओरडलीच त्याच्यावर. “कुठे होतास इतका वेळ?”

“इथेच आहे गं,” तो म्हणाला. “नळाखाली पाय धरून बसलो होतो. रात्रीपासून तळपाय नुसते भाजतायत...”

हे सांगून ती उठली आणि पुन्हा एकदा दाराबाहेर पाहून आली. निघताना मी पायरीवर माझ्या चपला शोधल्या. आलो तेव्हा काढून टाकल्या होत्या तशा त्या नव्हत्या. त्या चपलांच्या शेजारी, ओळीत लावलेल्या होत्या.